राज्याबाहेरील उपचार व वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती : बालाघाट जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

शासकीय सेवकाच्या आयुष्यात काही प्रसंग असे येतात की, त्या वेळी नियमपुस्तिका उघडून पाहण्यास सवड नसते आणि पुढे मात्र त्या पुस्तिकेतील प्रत्येक शब्दाला तोंड द्यावे लागते. घरातील माणसाचे गंभीर आजारपण हा त्यांपैकी पहिला प्रसंग होय. रुग्णाला कोठे न्यावयाचे याचा निर्णय काही तासांत होतो. त्या निर्णयाचा हिशेब मात्र कधी कधी वर्ष-दोन वर्षे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. रुग्ण बरा होऊन कामावर रुजू होतो, तरी त्याचे देयक आक्षेपांसह परत येतच असते. असे का घडते, त्यात नियमाचा भाग किती, अज्ञानाचा किती व दिरंगाईचा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विवेचनासाठी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे. ‘राज्याबाहेर’ या शब्दाचा नकाशावरील अर्थ व व्यवहारातील अर्थ यांत किती अंतर पडू शकते, हे या जिल्ह्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

सीमेवरील जिल्हा

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा १८६७ पासूनच्या काही वर्षांत भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनविण्यात आला. मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर असल्यामुळे शिक्षण, न्यायालय, व्यापार व औषधोपचार या सर्वांसाठी बालाघाटचा माणूस नागपूरकडे पाहत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याची राजधानी भोपाळ झाली. राज्याची सीमा बदलली, परंतु रुग्णाची वाट बदलली नाही.

याचे कारण भूगोलात आहे. बालाघाटहून रजेगावच्या बाजूने बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा लागतो. गोंदिया शहर बालाघाटपासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथून हावडा-मुंबई लोहमार्गाने नागपूर दोन-अडीच तासांच्या अंतरावर येते. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून सुरू आहे. परंतु तेथे जाण्यासाठी सातपुड्याचा घाटमार्ग पार करावा लागतो आणि अनेक वर्षे त्या बाजूची रेल्वेही अरुंद मापाची होती. भोपाळ तर चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. लांजी, किरनापूर, वारासिवनी, खैरलांजी, कटंगी या भागांतील कुटुंबांचे सोयरसंबंध गोंदिया, भंडारा व नागपूर या जिल्ह्यांत असतात. रुग्णाजवळ रात्री बसावयास माणूस लागतो, डबा लागतो, दोन दिवस पाठ टेकावयास जागा लागते. हे सर्व जेथे मिळते तेथेच रुग्ण नेला जातो.

याच जिल्ह्यात एकाच गल्लीत राहणारे नोकरदार निरनिराळ्या नियमांखाली येतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. शाळामास्तर, पटवारी किंवा पोलीस शिपाई मध्य प्रदेश राज्याचा सेवक असतो. टपाल खात्यातील कारकून केंद्र शासनाचा असतो. बालाघाटमधून जाणारी रेल्वे दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडते व रेल्वे सेवकांची रुग्णालय-व्यवस्था स्वतंत्र आहे. भरवेली, उकवा व तिरोडी येथील मँगनीज खाणी चालविणाऱ्या कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. मलाजखंड येथील तांब्याची खाण केंद्र शासनाच्या दुसऱ्या उपक्रमाकडे आहे. त्यामुळे शेजाऱ्याला नागपूरच्या ज्या रुग्णालयाचा खर्च सहज मिळाला, तो आपल्यालाही तसाच मिळेल, असे गृहीत धरणे ही पहिली चूक ठरते.

प्रतिपूर्ती म्हणजे काय

वैद्यकीय प्रतिपूर्ती ही देणगी नव्हे व विम्याची रक्कमही नव्हे. शासनाने आपल्या सेवकाला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना औषधोपचार पुरविण्याची जबाबदारी सेवाशर्तींत स्वीकारलेली असते. शासकीय रुग्णालयात तो उपचार मिळाला तर प्रश्न उरत नाही. तो तेथे मिळू शकला नाही व सेवकाने नियमानुसार अन्यत्र घेतला, तर त्याने केलेला खर्च शासन ठराविक मर्यादेत परत करते. हा या व्यवस्थेचा गाभा होय.

यासाठी केंद्रीय सेवा (वैद्यकीय परिचर्या) नियम १९४४ मध्ये, मध्य प्रदेशाचे नियम १९५८ मध्ये व महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम १९६१ मध्ये करण्यात आले. त्यांत पुढे वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. म्हणून दावा करणाऱ्याने उपचाराच्या दिनांकास अमलात असलेला नियम व आदेश पाहावा, जुन्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. मात्र या सर्व नियमांची ठेवण एकसारखी आहे. त्यांच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत. उपचार आवश्यक होता काय? तो त्याच ठिकाणी व त्याच वेळी घेणे भाग होते काय? झालेला खर्च मान्य दरांत बसतो काय? दाव्यावर येणारे बहुतेक सर्व आक्षेप या तीन प्रश्नांपैकी कोणत्या तरी एकाचे उत्तर कागदावर नसल्यामुळे येतात.

पूर्वमान्यता व आकस्मिक प्रसंग

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर देण्याचा सरळ मार्ग म्हणजे पूर्वमान्यता. प्राधिकृत वैद्यकीय अधिकारी रुग्णाला तपासतो; आवश्यक ती सोय जिल्ह्यात नाही असे दिसल्यास वरच्या रुग्णालयाकडे पाठवितो; तेथेही सोय नसल्यास किंवा वेळेत मिळणार नसल्यास राज्याबाहेरील मान्यताप्राप्त रुग्णालयाची शिफारस होते व सक्षम प्राधिकारी मान्यता देतो. अशी मान्यता हाती असली म्हणजे अग्रिम मागता येते व पुढे देयकाची छाननीही सुलभ होते.

आकस्मिक प्रसंगी ही पायरी गाळली जाते. छातीत कळ येऊन कोसळलेल्या माणसाला शिफारसपत्रासाठी थांबविता येत नाही, हे नियमही जाणतात. अशा वेळी कार्योत्तर मंजुरीची सोय असते. महाराष्ट्र शासनाने १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयान्वये २७ आकस्मिक व ५ गंभीर आजारांची यादी ठरवून दिली व खाजगी रुग्णालयांतील अशा उपचारांच्या प्रतिपूर्तीची रीत घालून दिली. यादी असल्याचा लाभ असा की, निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. तिची मर्यादा अशी की, यादीत न बसणारा परंतु तितकाच निकडीचा आजार काठावर राहतो.

आकस्मिकता ही रुग्णाच्या किंवा नातेवाइकांच्या वाटण्यावर ठरत नाही. ती दाखल करून घेणाऱ्या वैद्यकाच्या लेखी नोंदीवरून ठरते. त्यामुळे रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर ‘आकस्मिक स्थितीत दाखल’ अशी नोंद, दाखल झाल्याची तारीख व वेळ आणि त्या वेळची रुग्णाची अवस्था असणे फार महत्त्वाचे असते. एका ओळीची ही नोंद पुढे शेकडो रुपयांचा टपालखर्च व कित्येक महिन्यांचा पत्रव्यवहार वाचविते.

प्रतीक्षायादीचा प्रश्न

आकस्मिक प्रसंग व पूर्वनियोजित उपचार यांच्या मधोमध एक तिसरी अवस्था असते व खरी अडचण तेथेच उद्भवते. शस्त्रक्रिया आवश्यक आहे, शासकीय रुग्णालयात तिची सोयही आहे. परंतु तारीख पाच किंवा सहा महिन्यांनंतरची मिळते. रुग्ण आज कोसळलेला नसतो, म्हणून प्रसंग आकस्मिक म्हणता येत नाही. सोय राज्यात उपलब्ध असते, म्हणून ‘उपलब्ध नाही’ असे प्रमाणपत्रही मिळत नाही. आणि तितके दिवस थांबणे घरच्यांना धोक्याचे वाटते.

अशा वेळी बहुतेक सेवक दागिने गहाण ठेवून किंवा भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून नागपूर गाठतात व मागाहून दावा दाखल करतात. त्यावर ‘सदर उपचाराची सोय राज्यात उपलब्ध असताना पूर्वमान्यतेशिवाय राज्याबाहेर उपचार घेण्यात आले’ असा शेरा पडतो. शेरा मारणारा लिपिक नियमाप्रमाणेच वागलेला असतो आणि उपचार घेणाराही अविचाराने वागलेला नसतो. दोघांमध्ये एका कागदाची उणीव असते. तो कागद कोणता, हे समजण्यासाठी न्यायालयांचे काही निर्णय पाहणे उपयुक्त ठरेल.

परदेशातील शस्त्रक्रिया व सर्वोच्च न्यायालय

या विषयावरील महत्त्वाचा निर्णय परदेशातील उपचारासंबंधीच आहे. पंजाब पोलीस दलातील एका उपअधीक्षकास १९८७ च्या डिसेंबरात हृदयविकार जडला. रजा घेऊन मुलाकडे इंग्लंडला गेले असता तेथे त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली व बर्मिंगहॅम येथील रुग्णालयात त्यांना दाखल करावे लागले. पुढे १९८८ च्या प्रारंभी लंडनमध्ये त्यांच्यावर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. खर्च सुमारे तीन लाख रुपये आला व तो मुलाने सोसला. परत आल्यावर त्यांनी दावा केला. मागणी लंडनच्या खर्चाची नव्हती, तर दिल्लीतील ज्या खाजगी हृदयरुग्णालयास राज्याने मान्यता दिली होती त्याच्या दरांची होती. राज्याने मात्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या दराने रक्कम देऊ केली.

सुरजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी पावले उचलण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले व आत्मरक्षणाचे महत्त्व सांगताना गरुडपुराणातील श्लोकांचाही आधार घेतला. जिवावर बेतले असता वैद्यकीय मंडळापुढे किंवा शासकीय संस्थेच्या रांगेत उभे राहण्याची अपेक्षा त्या माणसाकडून करता येत नव्हती, हा त्या निर्णयाचा आशय होय. मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयाच्या दराने रक्कम देण्याचा आदेश झाला.

या निर्णयातून दोन बोध मिळतात व ते दोन्ही एकत्रच घेतले पाहिजेत. पहिला असा की, केवळ रांग होती म्हणून दावा नाकारता येत नाही. दुसरा असा की, लंडनचा खर्च लंडनच्या दराने मिळाला नाही. तो देशातील मान्य दराने मिळाला. ठिकाण दूरचे असले तरी माप घरचेच राहते. बालाघाटहून नागपूरला जाणाऱ्यालाही हाच न्याय लागू पडतो.

त्याच वर्षी १७ डिसेंबर १९९६ रोजी मोहिंदर सिंग चावला यांच्या प्रकरणात न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. हृदयाची झडप बदलण्याची सोय राज्यात नसल्याने रुग्णास मंजुरीने दिल्लीस पाठविण्यात आले होते. परंतु खोलीभाडे देण्यास राज्याने नकार दिला. उपचारासाठी रुग्णालयात राहणे भाग असेल तर त्या राहण्याचे भाडे हा उपचाराचाच भाग होय, असे न्यायालयाने ठरविले.

याची दुसरी बाजू २६ फेब्रुवारी १९९८ च्या राम लुभाया बग्गा प्रकरणातील निर्णयात दिसते. पंजाब शासनाने नवे धोरण आखून प्रतिपूर्ती ठराविक दरांपुरती मर्यादित केली होती. ते धोरण न्यायालयाने ग्राह्य धरले. कोणत्याही राज्याची साधनसंपत्ती अमर्याद नसते; म्हणून दरांची कमाल मर्यादा घालणे हे जीविताच्या हक्काविरुद्ध नाही, असा त्याचा अर्थ आहे. उपचाराचा हक्क मोठा आहे. परंतु कोणत्याही दराने उपचार घेण्याचा हक्क मात्र नाही, हे सेवकांनी मनाशी पक्के केले पाहिजे.

पुढे १३ एप्रिल २०१८ रोजी शिवकांत झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने छाननीच्या दृष्टिकोनासंबंधी मार्गदर्शन केले. रुग्णालयाचे नाव शासकीय यादीत नाही एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येणार नाही; प्रत्यक्षात उपचार घेतला गेला काय व त्यास वैद्यकांच्या व रुग्णालयाच्या नोंदींचा आधार आहे काय, ही खरी कसोटी आहे, असे त्यात म्हटले आहे. केंद्रीय आरोग्य योजनेतील निवृत्तिवेतनधारकांचे दावे एका महिन्यात निकाली काढण्याची अपेक्षाही त्यात व्यक्त झाली.

युरोपातील एक निर्णय

प्रतीक्षायादीचा प्रश्न केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्य सेवा विनामूल्य आहे. परंतु तेथेही रांग लांब असते. बेडफर्ड भागातील वॉट्स नावाच्या वृद्धेला खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया आवश्यक होती. प्रारंभी सुमारे एक वर्ष थांबावे लागेल असे सांगण्यात आले. प्रकृती खालावल्यावर पुन्हा तपासणी होऊन तो अवधी तीन-चार महिन्यांवर आला. परदेशी उपचाराची मान्यता मात्र नाकारण्यात आली. मार्च २००३ मध्ये त्यांनी फ्रान्समधील आबव्हील येथे शस्त्रक्रिया करून घेतली व ३,९०० पौंडांचा खर्च परत मागितला.

युरोपीय न्यायालयाने १६ मे २००६ रोजी जो निर्णय दिला, त्यातील तत्त्व आपल्याकडील अभ्यासकांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रतीक्षायादी आहे एवढ्यावरून मान्यता नाकारता येत नाही आणि ती लांब आहे एवढ्यावरून मान्यता मिळतही नाही. रुग्णाचा आजार, त्याच्या वेदना, त्याचे पूर्वीचे आजार व पुढील धोका यांचा वैद्यकीय विचार करून त्याने किती काळ थांबणे सुरक्षित आहे हे ठरवावयाचे. यादीतील तारीख त्या कालमर्यादेच्या पलीकडे जात असेल, तरच बाहेरच्या उपचाराची मान्यता नाकारता येत नाही. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. तथापि ‘यादीत किती दिवस आहेत’ आणि ‘रुग्ण किती दिवस थांबू शकतो’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हे त्याने नेमके दाखवून दिले आहे.

मघाशी ज्या एका कागदाचा उल्लेख झाला, तो हाच. प्रतीक्षायादीतील तारखेची चिठ्ठी व त्या तारखेपर्यंत थांबणे रुग्णास धोक्याचे आहे असे शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे लेखी मत, असे दोन्ही सोबत जोडले की ‘सोय उपलब्ध होती’ या आक्षेपास उत्तर मिळते. कारण जी सोय रुग्णाच्या सुरक्षित मुदतीत मिळत नाही, ती त्या रुग्णापुरती उपलब्ध नाही, असे मांडता येते.

एक कल्पित उदाहरण

हा भेद अधिक स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. किरनापूर तहसिलातील दोन शिक्षकांच्या पत्नींना हृदयाच्या झडपेचा एकसारखाच विकार आहे. दोघींनाही राज्यातील शासकीय रुग्णालयात पाच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. दोघींचीही शस्त्रक्रिया नागपूर येथील एकाच खाजगी रुग्णालयात झाली व प्रत्येकी २,४०,००० रुपये खर्च आला. त्या शस्त्रक्रियेचा मान्य दर १,६५,००० रुपये आहे असे धरू.

पहिल्या शिक्षकाने तारखेची चिठ्ठी फेकून दिली, शिफारसपत्र घेतले नाही, रजेच्या अर्जात केवळ ‘घरगुती कारण’ असे लिहिले आणि दावा आठ महिन्यांनी दाखल केला. त्याच्याजवळ रुग्णालयाचे अंतिम देयक होते. परंतु औषधांच्या पावत्या अर्ध्याच होत्या. उपचार झाला यात शंका नव्हती. तथापि तिन्ही प्रश्नांपैकी एकाचेही पूर्ण उत्तर कागदावर नव्हते. असा दावा परत आला तर नवल नाही.

दुसऱ्या शिक्षकाने तारखेची चिठ्ठी जपून ठेवली. जिल्हा रुग्णालयात जाऊन, पाच महिने थांबणे इष्ट नाही असे लेखी मत घेतले. मान्यतेसाठी अर्ज दिला व त्याची पोच घेतली. मान्यता येण्यापूर्वी पत्नीची प्रकृती बिघडली म्हणून तो नागपूरला गेला. परंतु जाताना कार्यालयप्रमुखास लेखी कळविले. घरी परतताच महिन्याभरात त्याने दावा दाखल केला. त्याला कार्योत्तर मंजुरी मिळण्यास भक्कम आधार आहे व मंजुरी मिळाल्यास १,६५,००० रुपये मिळतील. उरलेले ७५,००० रुपये त्याचे त्यालाच सोसावे लागतील. त्यांविरुद्ध अपील करून वेळ दवडण्यापेक्षा, मान्य दराने उपचार करणारे रुग्णालय आधीच निवडले असते तर ही झळ कमी बसली असती, हे त्याने जाणून घ्यावे.

दोघांचे दुःख सारखे, खर्च सारखा, रुग्णालयही एकच. फरक केवळ चार कागदांचा आहे.

दाव्यासोबत जोडावयाचे कागद

राज्याबाहेरील उपचाराच्या दाव्यासोबत सर्वसाधारणपणे पुढील कागद असावेत : विहित नमुन्यातील अर्ज, प्राधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याचे शिफारसपत्र अथवा आकस्मिकतेचे प्रमाणपत्र, प्रतीक्षायादीची चिठ्ठी व त्यावरील वैद्यकीय मत, दाखल झाल्यापासून घरी सोडेपर्यंतचा वैद्यकीय सारांश, तपशीलवार देयक, औषधांच्या मूळ पावत्या व त्यांवर उपचार करणाऱ्या वैद्यकाची स्वाक्षरी, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, बसविलेल्या झडपेचे किंवा अन्य साधनाचे बिल व त्यावरील क्रमांकाची चिकटपट्टी, आणि रुग्ण आपल्यावर अवलंबून असल्याचे घोषणापत्र.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात आणखी एक बारीक अडचण येते. नागपूर किंवा गोंदिया येथील कागदांवरील नोंदी कधी मराठीत असतात व कार्यालयाचे काम हिंदीत चालते. लिपी एकच असल्याने वाचन अडत नाही, परंतु शब्दार्थावरून आक्षेप निघू शकतो. अशा नोंदींचा हिंदी अनुवाद राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून सोबत जोडावा. मूळ कागद देण्यापूर्वी प्रत्येकाची छायाप्रत काढून घरी ठेवावी व दाव्याची पोच तारखेसह घ्यावी. खाजगी विमाही घेतला असेल तर विमा कंपनीकडे केलेला दावा लपवू नये. दोन्हींकडून मिळणारी रक्कम मिळून प्रत्यक्ष खर्चाहून अधिक होता कामा नये.

दावा दाखल करण्याची मुदत प्रत्येक नियमात ठरलेली असते. ती ओलांडल्यास विलंबक्षमेसाठी सबळ कारण द्यावे लागते. रुग्णसेवेत गुंतलेल्या माणसाला हे सुचत नाही. म्हणून कार्यालयातील सहकाऱ्याने किंवा संघटनेच्या प्रतिनिधीने त्यास आठवण देणे हे शेजारधर्माचेच काम होय.

जे शासकीय सेवेत नाहीत

जिल्ह्यातील बहुसंख्य जनता शेतकरी, मजूर व वनवासी आहे. बैहर, परसवाडा व बिरसा या डोंगराळ भागांतील कुटुंबांस प्रतिपूर्ती हा शब्द लागू होत नाही, कारण आधी खर्च करण्यास त्यांच्याजवळ रक्कमच नसते. त्यांच्यासाठी २३ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेली आयुष्मान भारत योजना महत्त्वाची आहे. तीत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा अंतर्रुग्ण उपचार मिळू शकतो व २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाचा विचार न करता, तिचा लाभ देण्यात आला आहे.

सीमेवरील जिल्ह्याच्या दृष्टीने या योजनेतील मोलाची तरतूद अशी की, कार्ड एका राज्याचे असले तरी योजनेत सामील असलेल्या अन्य राज्यांतील नोंदणीकृत रुग्णालयात ते चालते. बालाघाटच्या कार्डधारकास बाघ नदीपलीकडेही उपचार मिळू शकतो. तथापि ही सवलत विनारोख आहे. आधी पैसे भरून मागाहून परत मागण्याची रीत तीत नाही. म्हणून रुग्ण नेण्यापूर्वीच ते रुग्णालय योजनेत आहे काय व हवा तो उपचार तेथे योजनेखाली होतो काय, याची चौकशी करावी आणि दाखल होतानाच कार्ड दाखवावे. पैसे भरल्यावर कार्ड पुढे करणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढण्यासारखे आहे.

कार्यालयांचे कर्तव्य

आतापर्यंत सेवकाने काय करावे याचा विचार झाला. परंतु दाव्याचा प्रवास त्याच्या हातात नसतो. आहरण व संवितरण अधिकारी, छाननी करणारे वैद्यकीय अधिकारी व मंजुरी देणारा प्राधिकारी यांनीही काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. आक्षेप घ्यावयाचे असल्यास सर्व एकाच वेळी घ्यावेत. दर खेपेस एकेक काढू नये. अंशतः देय असलेला दावा पूर्णपणे रोखून न धरता देय रक्कम मंजूर करावी व वादग्रस्त भागापुरताच खुलासा मागवावा. रक्कम कमी केल्यास तिचा तपशील व कारण लेखी द्यावे. पूर्वमान्यतेच्या अर्जावर वेळेत निर्णय झाला नाही, तर त्या विलंबाचा भार रुग्णावर टाकू नये.

नियमांचा काटेकोर अर्थ लावणे हे लेखापरीक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. कारण खोट्या देयकांची प्रकरणेही घडतात व शासकीय निधीचे रक्षण करावेच लागते. परंतु खोटा दावा व अपुरा दावा या दोहोंत भेद केला पाहिजे. खोट्या दाव्यास शिक्षा आहे. अपुऱ्या दाव्यास मार्गदर्शन हवे.

समारोप

वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या नियमांमागे एक साधी जाणीव आहे. जो माणूस दुर्गम शाळेत, वनचौकीत किंवा पोलीस ठाण्यात शासनाचे काम करतो, त्याच्या घरी आजारपण आले असता त्याला एकटे सोडू नये, ही ती जाणीव होय. बालाघाटमध्ये राज्याची सीमा नदीच्या पुलावर संपते. रुग्णाची गरज तेथे संपत नाही. हे अंतर भरून काढण्याचे काम शिफारसपत्र, वैद्यकीय मत व वेळेवर दिलेली मंजुरी यांनी होऊ शकते.

म्हणून प्रत्येक कार्यालयाने आपल्या सेवकांसाठी लागू असलेले नियम, मान्यताप्राप्त रुग्णालयांची चालू यादी व दाव्याचा नमुना सूचनाफलकावर लावून ठेवावा. प्रत्येक सेवकानेही घरात कोणी आजारी नसताना तो एकदा वाचून काढावा. संकटाच्या रात्री ते वाचन उपयोगी पडते.